दगडातली सावली

रादोस्तिनाला मेलेल्या माणसांना जमिनीवर उभं करता यायचं. थडग्यांच्या दगडांवर कोरायची चित्रं ती संगणकावर तयार करायची. लोक कुणाच्या लग्नातले, कुणाच्या खांद्यामागून डोकावणारे असे कसलेही फोटो आणून द्यायचे. त्यातली माणसं नुसती कापून चिकटवली की अधांतरी लोंबकळल्यासारखी दिसायची. मग रादोस्तिना आकृतीची काळी नक्कल करून ती पायाशी आडवी पाडायची, कडा धूसर करायची आणि पुढे पुढे फिकी करत न्यायची. अशी सावली पडली की माणूस जमिनीवर उभा. कारखान्याचा मालक गेन्चो म्हणायचा, पोरीच्या हातात जादू आहे. पगारवाढीचं नाव काढलं की मात्र त्याला कमी ऐकू यायचं.

वडील गेले तेव्हा त्यांच्या दगडाला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या गावात नवऱ्याच्या दगडावर बायकोचंही चित्र कोरतात, ती जिवंत असली तरी. नाव, जन्माचं वर्ष, आणि पुढची जागा कोरी. आईनं, ज्लातकानं, स्वतःचा फोटो स्वतःच निवडला होता. चांगल्यातला कोट, केस नुकतेच कुरळे केलेले. रादोस्तिनानं दोघांना शेजारी उभं केलं, उजेड डावीकडून घेतला आणि दोघांच्या सावल्या गवतावर एकमेकींना टेकवल्या. आपलंच काम पाहून तिला रडू आलं.

मृतांच्या शनिवारी सगळं गाव दफनभूमीत जमलं. ज्लातकानं साखर घातलेले उकडलेले गहू वाटायला आणले होते. नव्या दगडासमोर उभं राहून तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे, मग खाली. गव्हाचं भांडं तिनं हळूच जमिनीवर ठेवलं.

"माझी सावली दगडात कुणी घातली?"

"मीच. छान दिसतंय ना, आई?"

ज्लातका गवंड्याची मुलगी. पूल टिकावा म्हणून जुने गवंडी येणाऱ्याजाणाऱ्याची सावली दोरीनं मापून ती दोरी बांधकामाच्या पायात पुरत, आणि ज्याची सावली पुरली तो माणूस फार दिवस काढत नसे, असं त्यांच्यात मानत. भिंत चढत असली की तिचा बाप पोरांना तिथून हाकलून द्यायचा. रादोस्तिनानंही हे लहानपणी ऐकलं होतं आणि गोष्ट म्हणून विसरून गेली होती. शहरात शिकून आलेली मुलगी, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार!

ती हसली, इथेच चुकलं. "अगं, ती संगणकावरची सावली. खरी थोडीच आहे?"

"दगड तर खरा आहे ना?"

घरी आल्यावर ज्लातकानं अंथरूण धरलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सुपाचे दोन घोट घेऊन ती वाटी बाजूला सारायची. लोणच्याच्या बरण्या तिनं शेजारणींना वाटून टाकल्या, कोंबड्या कुणाला द्यायच्या तेही सांगून ठेवलं. रादोस्तिनाला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. समजूत खोटी असेलही, पण आई डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

एका दुपारी भिंतीकडे तोंड करून आई म्हणाली, "मरणाला मी भीत नाही गं. पण पोटच्या पोरीनंच पुरलं, हे तुझ्या बापाला कुठल्या तोंडानं सांगू?"

रादोस्तिना तशीच उठून कारखान्यात गेली. गेन्चो आधी चिडला. ग्रॅनाइट म्हणजे काय शाळेतली पाटी आहे, पुसून टाकायला? पण तिचा चेहरा पाहून तो कामाला लागला. त्यानं दगड काढून आणला आणि आख्खा घासून पुन्हा चकचकीत केला. नव्या चित्रात वडिलांची सावली होती तशीच राहिली. आईच्या पायाखाली रादोस्तिनानं काहीच ठेवलं नाही.

मग आईला धरून धरून तिनं दफनभूमीत नेलं. नवरा गवतावर पाय रोवून उभा होता आणि शेजारी बायको अधांतरी. इतकं वाईट काम रादोस्तिनाच्या हातून कधी झालं नव्हतं. दोघांतलं मेलेलं कोण, असं कुणा परक्याला विचारलं असतं तर त्यानं आईकडेच बोट दाखवलं असतं.

ज्लातका मात्र बराच वेळ पाहत राहिली. "आता बरं झालं," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी भूक लागल्याचं सांगितलं. रादोस्तिनाच्या जिवात जीव आला.

निघताना आई शेजारच्या दगडापाशी थबकली. त्या दगडावर कोरलेली दोन्का समोरच बसून नवऱ्याच्या थडग्यावरचं तण उपटत होती. दगडावर नवऱ्याच्या पायाशी सावली होती, आणि दोन्काच्याही. पलीकडच्या दगडावर तसंच, त्याच्या पलीकडेही.

"ह्या सगळ्याजणींच्या तूच घातल्यास?" आईनं हलक्या आवाजात विचारलं.

तेवढ्यात दोन्कानं मान वर केली. "पोरी, तुझ्या हातात जादू आहे हो," ती कौतुकानं म्हणाली. "माझा दगड बघायला लोक थांबतात."

दोन्का गुडघ्यावर हात टेकून कशीबशी उठली, जरा खोकली आणि पुन्हा तण उपटायला वाकली.