झोक्याची जागा

आमच्या कॉलनीतल्या मारुतीला नवस बोलायला आता पार गडहिंग्लजपासून माणसं येतात. शनिवारी गल्लीत दुचाकी लावायला जागा नसते. कोपऱ्यावर रुईच्या माळा विकणारी बाई मला बघितलं की म्हणते, "काकू, तुमी भाग्यवान बगा, देवाच्या दारात ऱ्हातायसा." मी हसते आणि पुढं जाते. तिला काय सांगणार? तो मारुती मी बसवलेला आहे. एका रविवारी दुपारी, सगळी कॉलनी मटणभात खाऊन झोपलेली असताना, माझ्या या दोन हातांनी.

कळंब्याच्या बाजूला शहर संपून ऊस सुरू होतो, तिथं आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं. वस्ती आमच्यासारखीच. मी हायस्कुलात गणित शिकवते, घरचे एसटीत, शेजारी कुणी कारखान्यातून रिटायर झालेले, कुणी दूध संकलनातले. कॉलनीच्या मधोमध दहा-बारा गुंठ्यांची मोकळी जागा होती. नकाशात तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'बालोद्यानासाठी राखीव'. लोक प्लॉट घेताना पाणी बघतात, रस्ता बघतात. मी ती ओळ बघितली.

कारण माझी लेक. तेव्हा ती पाच वर्षांची होती. ती बोलत नाही, आजही बोलत नाही. ऐकू सगळं येतं, पण शब्द बाहेर पडत नाही, आणि गोंगाट झाला, घाबरली, की स्वतःचा हात चावून घेते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आहे. त्या नावाचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो झोक्याचा. माझ्या माहेरी, मलकापूरला, परसातल्या चिंचेला भावानं दोर बांधून दिला होता. त्यावर बसवलं आणि ही पोरगी हसली. खळखळून. तोवर तिला हसताना मी बघितलंच नव्हतं. मी तिथंच मट्‌कन खाली बसले आणि रडले.

तर बाग होणार म्हणून आम्ही इथं राहायला आलो, आणि दोन वर्षं त्या जागेत गाजरगवताशिवाय काही उगवलं नाही. घरं बांधून उरलेला राडारोडा प्रत्येकानं तिथंच टाकलेला. मग कुणीतरी परस्पर वाळू ओतायला लागलं. महिन्याभरात तिथं पत्र्याचं शेड आलं आणि शेडला कुलूप. आमची पुरुषमंडळी विचारायला गेली, तर शेडवाला म्हणाला, "पावणं, तुमच्या बाची जागा हाय काय?" मंडळी घरी परत आली, मीटिंग घेतली, चहा प्याली, आणि सगळ्यांनी मान खाली घालून 'बघूया' म्हटलं. माझं डोकं फिरलं. शाळेत ओरडून ओरडून आवाज तसाही चढाच झालाय. मी म्हटलं, "तिथं देव बसवा. मग बघू कोण हात लावतोय."

सगळ्यांना पटलं, पण हात कुणी पुढं करेना. मीटिंग संपल्यावर शेजारचे मामा मागं थांबले. मामा कारखान्यात फिटर होते, मूळचे गडहिंग्लजकडचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. ते म्हणाले, "अक्का, बोललासा ते खरं हाय. पर देव आणायचा कुठनं?"

देव तिथंच होता. त्या राडारोड्यात आमच्या जोत्याचा उरलेला एक काळा दगड पडला होता, साधारण दीड फुटाचा, वरच्या बाजूला गोलसर. रविवारी दुपारी मामांनी तो हातगाडीवरून आमच्या मागच्या दारी आणला. मी कपडे धुवायच्या ब्रशनं घासला. मामांना तेवढ्यात आठवलं, "अक्का, आज मटान खाल्लंय न्हवं? आधी आंघूळ करा. मी बी करतो." दोघांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली, दगडाला तेल-शेंदूर फासला आणि शेडच्या बरोबर समोर, जमिनीत वीतभर पुरून उभा केला. मामांनी नारळ फोडला. मी हात जोडले, आणि आता एवढं केलंच आहे तर काहीतरी म्हणावं म्हणून म्हटलं, "ही जागा सांभाळ रे बाबा."

माझं अक्षर चांगलं, म्हणून पालिकेला द्यायचा अर्जही माझ्याच गळ्यात पडला. 'सदर जागेत पुरातन देवस्थान असून तिथे अतिक्रमण झाल्याने नागरिकांच्या भावना दुखावल्या आहेत.' पुरातन हा शब्द लिहिताना मला हसू आवरत नव्हतं. देवाला बसून अकरा दिवस झाले होते. खाली पहिली सही माझी.

शेडवाला पंधरवड्यात गेला. जाताना त्यानंही नारळ फोडला. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, काय डोकं आहे तुझं!

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मी सुखात काढली. अगदी सुखात. कॉलनीनं गवत काढलं, कडेनं गुलमोहर लावले, घसरगुंडी आणि सीसॉ आणला. आणि मामांनी झोका केला. भंगारातले पाइप आणून चार दिवस वेल्डिंग करत बसले. लेकीला तोल सांभाळता येत नाही, म्हणून त्यांनी लोखंडी बैठकीला उंच पाठ केली आणि पुढं अडसर लावला, पोर सुटून पडू नये म्हणून. तिच्या उंचीचं माप घेताना तिनं मामांचा हात चावला. मामा म्हणाले, "चाव की. लोखंडापरास मऊ हाय."

संध्याकाळी साडेपाचला ती स्वतः चप्पल घालून दारात उभी राहायची. घड्याळ तिला कळत नाही, पण साडेपाच कळायचे. इतर पोरांनीही आपापसांत ठरवून टाकलं होतं, ही आली की उठायचं. बायका सतरंजी टाकून भडंग खात बसायच्या, म्हातारी माणसं फेऱ्या मारायची, आणि माझी लेक दोन्ही साखळ्या मुठीत धरून वर आभाळाकडं बघत हसायची. मी मागून ढकलायची. हात भरून यायचे, पण मी थांबत नसे. त्या अर्ध्या तासात मला कुणाचा राग येत नसे, ही माझ्या स्वभावाला मोठीच गोष्ट होती.

देव मात्र वाढत होता. आधी कुणीतरी भोवती कट्टा बांधला. मग ऊन लागतं म्हणून वर पत्रा. शेंदूर आहे म्हणजे मारुतीच, असं आपोआप ठरून गेलं. कुणाच्या तरी मुलाला नोकरी लागली, त्यानं चांदीचे डोळे बसवले. एका हनुमान जयंतीला माइकवरून एक गृहस्थ माहिती सांगत होते, की शंभर वर्षांपूर्वी इथं ऊस होता आणि नांगराच्या फाळाला ही मूर्ती लागली. मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. पलीकडच्या रांगेत मामा होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही नजर खाली वळवली. लोक पायावर धोंडा पाडून घेतात. मी माझ्या धोंड्याला वर शेंदूरही फासला होता.

घसरगुंडी पहिल्यांदा गेली, फरशी घालायला. मग महाप्रसादाच्या चुलीसाठी सीसॉ. 'पोरं तर आता मोबाइलमध्येच असत्यात' असं जो तो म्हणत होता, आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या वेळची पोरं मोठी होऊन पुण्याला गेली होती. रोज साडेपाचला येणारी माझी एकटी उरली होती. मग सभामंडपाची आखणी झाली आणि चुन्याची रेघ थेट झोक्यावरून गेली.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, मंडप चार हात अलीकडं घ्या. एवढंच मागते. कॉलनीचा अध्यक्ष चांगला माणूस आहे, माझ्या लेकीला दर वाढदिवसाला पेढे आणून देतो. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, देवाच्या कामाला आडव्या येऊ नगा. त्येच्या कृपेनं पोरगी बोलाय लागंल बगा." समोर बसलेल्या बायकांनी मनापासून माना हलवल्या. माझ्या तोंडात आलं होतं, अहो, तो आमच्या जोत्याचा दगड आहे! पण समोर ती बाई होती, जिचा मुलगा अपघातातून वाचला होता आणि जी तेव्हापासून दर शनिवारी अनवाणी यायची. तिच्यापुढं मी हे कसं बोलू? मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पालिकेत गेले. नकाशाची प्रत बरोबर नेली होती. तिथल्या साहेबांनी ती बघितली, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून एक फाइल काढली. "मॅडम, बाग राखीव हाय, ते बराबर हाय. पर हितं जुनं देवस्थान हाय म्हणून तुमच्याच कॉलनीचा अर्ज हाय की." त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. पुरातन. तेच अक्षर, तीच गोल वेलांटी, आणि खाली माझी सही. साहेब म्हणाले, "ह्यो अर्ज खोटा हाय म्हणून लिहून द्या, मी बगतो." मी पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला.

झोका काढायला गॅस कटर घेऊन माणसं येणार होती. आदल्या दिवशी मामा आमच्या दारात आले. ते आता पंचाहत्तरीचे, हात थरथरतात. म्हणाले, "अक्का, मीच बशीवला, मीच काढतो. दुसऱ्याच्या हातनं नगं." लेक शाळेत गेलेली असताना त्यांनी करवतीनं एकेक पाइप कापला, दोन तास लागले. मी त्यांना पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. ती उंच पाठीची बैठक त्यांनी आमच्या अंगणात आणून ठेवली आणि घरी गेले.

साडेपाचला लेक चप्पल घालून दारात उभी राहिली.

त्या दिवसाचं मी लिहीत नाही. तिच्या हातावर अजून दातांचे व्रण आहेत.

मग काय काय केलं! घरात स्लॅबला हुक मारला, तीच बैठक टांगली. ती बसली, वर बघितलं, वर छत होतं, ती उतरली. पुन्हा बसली नाही. रविवारी शहरातल्या मोठ्या बागेत नेलं. तिथं झोक्याला नुसती फळी, पुढं अडसर नाही, आणि मागं रांग. ती आता पंधरा-सोळा वर्षांची थोराड मुलगी दिसते. रांगेतली एक आई आपल्या पोराला म्हणाली, "थांब की, ह्या ताईला लाज वाटली की उठंल." मी भांडले, खूप भांडले, आणि रिक्षात बसल्यावर मला कळलं की त्या बाईची काही चूक नव्हती. माझ्याकडं आता दुसरी कुठली जागा नव्हती.

मंडप झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू? गार फरशी, पंखे, खांबांवर रंगीत बल्ब. आणि एक दिवस साडेपाचला लेक आपली आपण चप्पल घालून निघाली. मी मागं धावले. ती मंडपात शिरली, डावीकडच्या तिसऱ्या खांबाजवळ गेली आणि फरशीवर बसली. जागा तिला बरोबर आठवत होती, वीतभरही इकडंतिकडं नाही. दोन्ही हात खांद्याशी धरून तिनं मुठी आवळल्या, मान वर केली आणि पुढंमागं झुलायला लागली.

तेव्हापासून ती रोज जाते. शनिवारी आरतीच्या गर्दीतही, घंटेच्या आवाजातही, तीच जागा, त्याच मुठी. लोक तिला वाट देतात. पहिला प्रसाद तिच्या हातावर ठेवतात. "केवडी भक्ती बगा पोरीची, बोलत न्हाय पर कसं डोलतीया!" असं बाहेरगावच्या बायका एकमेकींना दाखवतात. एकीनं तर तिच्या पायाला हात लावला. ती हसत मात्र नाही. वर बघते, पण वर मंडपाचा स्लॅब आहे.

मामा तिच्या मागं येऊन बसतात. ती मागं आली की तिच्या पाठीवर तळवा टेकवतात आणि हलकेच पुढं ढकलतात. लोकांना वाटतं, म्हातारा पोरीला आशीर्वाद देतोय.

मी खांबाला टेकून उभी असते. सगळे हात जोडतात तेव्हा मीही जोडते, आणि समोर बघते. चांदीच्या डोळ्यांतून माझा दगड माझ्याकडं बघत असतो. त्याच्यावर रागावू तरी कशी? मी त्याला म्हटलं होतं, ही जागा सांभाळ. त्यानं सांभाळली. कुणासाठी, ते सांगायचं माझ्याकडूनच राहिलं.