सावलीतली जास्वंद

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले, तेव्हा माझ्या सामानात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या होत्या. जास्वंद, मोगरा, तगर, अनंत. सासऱ्यांच्या गणपतीसाठी रोज शेजाऱ्यांकडून फूल मागून आणावं लागे, म्हणून माझ्या वडिलांनी त्या हौसेनं दिल्या होत्या.

घराला अंगणं दोन. पुढचं किल्ल्याकडे तोंड केलेलं, दिवसभर लख्ख उन्हाचं, आणि तिथेच ओसरीवर मामंजी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. मागचं उत्तरेचं, फणसाखालचं, गार. तिथे कुणी फिरकत नसे. त्या काळी वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, आणि मी तर जन्माची बडबडी! दोन शब्द बोलायला अक्षरशः तडफडत होते.

तर कुठलं झाड कुठे लावायचं, असा प्रश्न निघाला. मी झाडांतली जाणकार ना, ठोकून दिलं, "जास्वंदीला ऊन सोसत नाही. सावलीच लागते."

"मोगऱ्यालाही?" सासूबाईंनी विचारलं.

"मोगऱ्याला तर फारच!"

सगळी झाडं मागच्या अंगणात लागली. आता आडाचं पाणी पुढून मागे न्यायचं म्हणजे पुरुषमाणूस हवाच. हे कचेरीतून आले की चहा घशाखाली ढकलून बादली उचलत. आम्ही इतकं पाणी घातलं की फणसाखाली चिखल झाला. एकदा हे त्यात सपशेल आडवे झाले आणि मी तोंडात पदर कोंबून हसले. मोगऱ्याच्या आळ्यापाशी त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरेनात.

वर्ष गेलं. पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. शेवटी शेणखत आणणाऱ्या बाईनं सासूबाईंसमोरच माझं बिंग फोडलं. "आवं वैनी, जास्वंदीला ऊन लागतंय. हितं जल्मात फुलायची न्हाई. हितं अबोली लावा, सावलीत लय फुलती."

थाप उघडी पडल्याचं मला काही वाटलं नाही, पण आमची संध्याकाळ गेली!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जास्वंद मुळासकट काढून पुढे उन्हात लावली. मी मान खाली घालून माती दाबत होते.

"मागे अबोली लाव," त्या म्हणाल्या. "तिला रोज पाणी लागतं. दोघं जाऊन घालत जा."

मला फस्सकन हसू आलं. त्याही हसल्या. मग हात झटकत म्हणाल्या, "आमच्या वेळी मागे नुसतं सरपण होतं गं. पहिली दोन वर्षं यांचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला."

मी तशीच चिखलाच्या हातांनी ओसरीवर गेले.

"मामंजी, जास्वंदीला घरातल्या थोरल्या जोडीच्याच हातचं पाणी लागतं. दोघांनी मिळून घालायचं असतं."

मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली आणि बादली उचलली.