रोजचंच दाखव, वहिनी

प्रणाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात धान वाळायला पसरत होते. फोन यांच्या खिशात वाजला. ऐकून झाल्यावर हे चपलांसकट धानावरून चालत घरात गेले. धानावर कधी पाय न देणारा माणूस... मला तेव्हाच कळलं. आठ दिवसांचा ताप होता. आदल्या दिवशी आम्ही नागपूरला तिला भेटून आलो, तेव्हा ती उठून बसली होती. आता दीड महिना झाला.

प्रणाली माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिसरीत होती. माझी शाळा चौथीलाच सुटलेली. म्हणजे एक वर्ष मी तिच्या पुढे होते, मग ती पुढे गेली ती गेलीच. सासूबाई लवकर वारल्या, त्यामुळे तिची वेणी, तिचा डबा, तिचा अभ्यास सगळं माझ्या चुलीपाशी. तिने नागपूरला विद्यापीठात पर्यटनाचा अभ्यास घेतला तेव्हा हे चिडले होते. "लोकाइच्या पोरी नर्स होतेत, मास्तरीण होतेत. हे फिराची पदवी घेऊन राहिली!"

"फिराची नाही दादा, लोकाइले फिरवाची," ती म्हणाली.

मलाही हसू यायचं. सुट्टीत ती आली की पुस्तक उघडून मला सांगायची, पाहुण्याला काय हवं असतं, त्याचं स्वागत कसं करावं. मी म्हणायचे, "हे शिकाले नागपूरले कायले जाते वो? माह्यापाशी बस." तर ती माझं बोलणंच वहीत उतरवून घ्यायची.

शेवटच्या वर्षी तिला एक काम करून दाखवायचं होतं. तिच्या मॅडम आणि सहा मुलं एक दिवस आमच्या घरी राहणार, गाव कसं जगतं ते पाहणार. आमचं गाव साकोलीजवळ, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. या कामावरच तिचा निकाल ठरणार होता. तिने फोनवर दहादा बजावलं, "वहिनी, रोजचंच कर. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण. रोजचंच दाखव."

पण पाहुण्यांसमोर रोजचं कसं ठेवायचं? आमच्याकडे कोणी तसं ठेवत नाही. मी बकऱ्या शेजारी नेऊन बांधल्या. धानाची ढोली, म्हणजे बांबूची, शेणामातीने लिंपलेली आमची मोठी कणगी, नव्या लुगड्याने झाकली. प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. साकोलीहून श्रीखंड आणलं, पुऱ्या तळल्या आणि मी आतच बसले. पाहुणे जेवेपर्यंत सुनेने बाहेर यायचं नाही, हेच मला माहीत.

प्रणाली पाहुण्यांना घेऊन आली आणि ओट्यावर उभीच राहिली. "वहिनी, बकऱ्या कुठी गेल्या? ढोली कुठी?" तिचा चेहरा उतरला. वाटलं, पोरीचं वर्ष मी बुडवलं. दाराआडून ऐकत होते. मॅडमनी विचारलं, "प्रणाली, यात दाखवायचं काय आहे?" मग तिने पुढे होऊन लुगडं ओढून काढलं. "मॅडम, आमच्या घरी पाहुणा आला का आमी असे लपवतो. आमाले आमच्याच घराची लाज वाटते. मले हेच लाज काढाचं काम करायचं आहे."

मग आत येऊन तिने माझा हात धरला. "चाल, ढोली कशी लिंपते ते सांग. मले नाही येत."

तिला येत होतं. मी बाहेर गेले, पदर दातात धरून चार वाक्यं बोलले. ती पास झाली.

पुढे नागपूरला नोकरी लागल्यावर ती हिवाळ्यात पाहुणे आणायची. बोलायची ती, मी मागे उभी. या दिवाळीत म्हणाली, "यावेळी तूच बोल. मी खुर्चीवर बसून आयकीन."

"तुह्याबिगर मले नाही जमत."

"तुले जमते. तुले फक्त वाटत नाही..."

या हिवाळ्यातल्या पाहुण्यांचं येणं तिनेच ठरवून ठेवलं होतं. ती गेल्यावर हे म्हणाले, "येऊ नका म्हणून सांगतो त्याइले." मी म्हटलं, "येऊ द्या जी." कसं निघालं तोंडातून, कोण जाणे.

मागच्या रविवारी आठ जण आले. भात, वरण, बकऱ्या, ढोली. यावेळी मीच सगळं सांगितलं. मधल्या खोलीचं दार मात्र बंद होतं. ती गेल्यापासून मी ते उघडलंच नव्हतं. एका मुलीने विचारलं, "इथे काय आहे?" हे घाईने म्हणाले, "काही नाही, सामान आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. मग कडी काढली.

"हे माह्या नणंदेची खोली. तुमाले बलावलं ते तिनंच. आता नाही ती," मी म्हणाले.

खुंटीवर तिची ओढणी, फळीवर पुस्तकं, खाटेवर दिवाळीला ती उठून गेली तशीच गोळा झालेली चादर. मुलीने चपला बाहेर काढल्या. "आत येऊ?"

चादर नीट करायला माझा हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. "या नं," म्हणाले.