अक्काची ओटी

बसवनगुडीच्या त्या गल्लीत श्रीविद्याला कुणी मऊ बाई म्हणणार नाही. भाजीवाल्याला कन्नडमध्ये, वॉचमनला हिंदीत आणि भावाला मराठीत, तिन्ही भाषांत ती सारखीच खडसावते. पन्नाशी उलटलेली. सकाळी एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते, दुपारी जेवायला घरी येते आणि मग निजेपर्यंत आईची असते. सुई कधी टोचली ते समोरच्याला कळतसुद्धा नाही, इतका तिचा हात हलका. घरी मात्र हात हलका नि जीभ तिखट, असं तिचा भाऊ अपूर्व म्हणतो. त्याला म्हणायला काय जातंय? शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहतो, रविवारी मोसंबी घेऊन येतो आणि तासाभरात निघतो.

आई म्हणजे गोदूबाई. स्मृतिभ्रंश आहे, हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा श्रीविद्याने समजूतदारपणे मान डोलावली. ऑटोत बसल्यावर रडली. पण खरं रडू यायचं होतं ते पुढे. कारण श्रीविद्या कोण, हे गोदूबाईंना पक्कं ठाऊक होतं. ती शाळेत गेली होती, येईलच आता. समोर बसून वरणभात कालवणारी ही पिकल्या केसांची बाई म्हणजे अक्का. गोदूबाईंची थोरली बहीण, देवनहळ्ळीला दिलेली, आणि जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

बरं, अपूर्वला त्या दारातच ओळखायच्या. "आला माझा अपूर्व," म्हणून त्याच्या तोंडावरून हात फिरवायच्या. रोज न्हाऊ घालणारी, औषध देणारी, रात्री उठून पांघरूण घालणारी ती अक्का, आणि मोसंबीवाला लाडका लेक. श्रीविद्या तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. आपटू नयेत तर काय करावं माणसाने?

नाव चुकलं की सगळंच चुकलं, हा तिच्या कामातला पहिला धडा. रक्ताच्या नळीवर चिकटवलेलं नाव ती माणसाला विचारून पुन्हा ताडून बघते. तीच खोड घरी. आईने अक्का म्हटलं की ही म्हणायची, "अक्का नाही ग, मी श्रीविद्या. तुझी मुलगी." गोदूबाई ओशाळायच्या, पदराशी चाळा करायच्या, आणि घटकाभराने पुन्हा अक्का. रोज दुपारी हेच. शिकवून शिकवून एक दिवस तिला कळेल, अशी वेडी आशा होती. आईने एकदा आपल्याकडे बघून आपलं नाव घ्यावं, बाकी काही नको.

मग तो सोमवार आला. "मी श्रीविद्या," ती म्हणाली, तर गोदूबाई कौतुकाने हसल्या. "मग एकटीच आलीस? चंद्रकांतराव कुठेत?"

श्रीविद्या दमली होती. तोंडातून निघून गेलं, "ते गेले, आई. कधीचेच गेले. म्हणून तर मी इथं राहते."

गोदूबाईंनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. जावई त्यांच्यापुरता त्या दुपारी गेला. "माझ्या पोरीचं कसं व्हायचं," म्हणत त्या छाती पिटत राहिल्या. संध्याकाळपर्यंत कशासाठी रडतोय हेही विसरल्या, पण रडणं थांबेना. श्रीविद्याने त्यांना कुशीत घेतलं आणि स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. चंद्रकांत गेल्यावर श्रीविद्या माहेरी आली तेव्हा गोदूबाईंनी तिला आपली खोली दिली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, ताटात पहिलं तूप तिला वाढलं. फक्त एक गोष्ट दिली नाही. त्यांच्या घरातून सवाष्ण निघाली की हळदकुंकू लावून ओटी भरल्याशिवाय जात नसे. खण, तांदूळ, नारळ. श्रीविद्याची ओटी त्यांनी पुन्हा कधी भरली नाही. नवरात्रात इथल्या रीतीने बाहुल्यांच्या पायऱ्या श्रीविद्याच मांडायची, आणि बायका आल्या की आत उसळ परतत उभी राहायची. आई कधी बोलली नाही, हिने कधी विचारलं नाही. "मला कसलं आलंय ओटीचं," असं ती केंद्रातल्या मैत्रिणींना सांगायची. साफ खोटं. ते तिला लागायचं, दरवर्षी लागायचं.

तर सोमवारनंतरचा शुक्रवार. सकाळी आईजवळ बसणारी, खालच्या मजल्यावरची नयना आपल्या घरी गेली होती. श्रीविद्याने चप्पल काढली आणि खुर्चीतून आवाज आला, "अक्का, देवनहळ्ळीची बस मिळाली का ग?"

'मी अक्का नाही' अगदी ओठावर आलं. पण सोमवारचा तो चेहरा आठवला.

"मिळाली," ती म्हणाली.

"बसायला जागा?"

"होती की. खिडकीपाशी."

गोदूबाई खुलल्या. अक्काचा हात धरून त्यांनी जी गप्पांना सुरुवात केली, ती थांबेचना. लहानपणी दोघींनी चोरून खाल्लेला गूळ, लग्नात सासूबाईंचा रुसवा, वर श्रीविद्याच्या वडिलांच्या घोरण्याची नक्कल. आपल्या बापाची ही चेष्टा ऐकून श्रीविद्याला हसू आवरेना. आईला असं खिदळताना तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लेकीशी आई असं कुठे बोलते? बहिणीशीच बोलायची.

उन्हं उतरली तशा गोदूबाई उठल्या. "अंधार पडायच्या आत नीघ. पण थांब."

त्यांनी कपाट उघडून हिरवा खण काढला. नारळ घरात नव्हता, म्हणून अपूर्वचं मोसंबं घेतलं. हातांना सगळं पाठ होतं. "पदर धर," म्हणाल्या. श्रीविद्याच्या अंगात चुडीदार. तिने ओढणीच पसरली. गोदूबाईंनी बोट कुंकवात बुडवून तिच्या कपाळाकडे नेलं, तेव्हा तिचा हात अडवायला वर आला. मग तो तिने खाली घेतला. कुंकू लागलं. ओढणीत तांदूळ पडले, खण पडला, मोसंबं पडलं.

गोदूबाईंनी दुसरा खण काढला. "हा श्रीविद्यासाठी."

"तूच दे की तिला," कसंबसं ती म्हणाली.

गोदूबाईंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मला नाही ग जमलं. जावई गेले तिचे. पोर घरी आली आणि मी तिची ओटी भरायची थांबवली. दर नवरात्रात वाटायचं, हाक मारावी, बाहेर बसवावं. चार बायका काय म्हणतील म्हणून भ्याले. माझं मन फार खातं, अक्का. तुला कोण बोलणार? तू थोरली. तू भर तिची."

सोमवारी पुसलेलं आज आईला लख्ख आठवत होतं. आत्ता सांगावं. मीच ती, आई. माझ्याकडे बघ आणि तूच भर. श्रीविद्याचा सगळा जीव त्या एका वाक्यात गोळा झाला होता. पण नाव सांगितलं तर आई पुन्हा ओशाळेल, पदराशी चाळा करेल, आणि एवढ्या वर्षांनी ओठावर आलेलं परत गिळून टाकेल. हे बोलायला तिला अक्काच हवी होती.

"सरी, बरं," श्रीविद्या म्हणाली. "भरते मी."

"विसरशील."

"नाही विसरत."

मग अक्काला निघणं भाग होतं. ती ओटी सांभाळत दाराबाहेर गेली, दार लोटून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. दुसरा खणही ओढणीत, पहिल्याच्या शेजारी ठेवला. आणि रडली, अगदी लहान पोरीसारखी. जिना चढणारी नयना तिच्या कपाळाकडे बघून थबकली आणि मागे फिरली. श्रीविद्याने कुंकू पुसलं नाही, डोळे पुसले.

आत आली तेव्हा गोदूबाई खुर्चीतच होत्या, डोळे दाराकडे.

"भरलीस का ग तिची?"

"भरली."

"रडली का?"

श्रीविद्या त्यांच्या पायाशी बसली आणि मांडीवर डोकं टेकलं.

"स्वल्प," ती म्हणाली.