बँडमास्तरांचे बडे मियाँ

वरातीच्या बँडपुढे लोक नाचतात, रुसतात, एकमेकांचे फेटे उडवतात. पण त्या बँडसमोर लोकांनी गुमान बसून ऐकावं, अशी अपेक्षा ठेवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. त्र्याण्णवच्या भूकंपाला दोन महिने झाले असताना मी नांदेडहून लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो. खाली त्यांचं बँडचं दुकान, वर माझी खोली. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, मी चाचा म्हणायचो. ते मला सर म्हणत, पण अशा सुरात, की आपल्यालाच अजून पुष्कळ शिकायचंय हे माझ्या लक्षात यावं.

चाचा क्लॅरिओनेट वाजवत. क्लॅरिओनेटवाल्याची सगळी भिस्त समोरच्या दातांवर, म्हणून दातांना ते जिवापेक्षा जपत. सुपारी वर्ज्य, ऊस वर्ज्य, पेरूसुद्धा बत्त्याने ठेचून खात. एका वरातीत नाचणाऱ्याचं कोपर तोंडाशी आलं, तर त्यांनी चपळाईने गाल पुढे केला. वर मला समजावलं, "गाल भरून येतो, सर. दात न्हाई येत."

या दातांवर त्यांना एकच काम तडीला न्यायचं होतं. नांदेडच्या एका जुन्या क्लबाचं सामान मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी तिथून एक तबकडी उचलून आणली होती. युरोपातल्या कुणा संगीतकाराची रचना, साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवलेली, पाऊण तासाची. हैदराबादच्या एका निवृत्त रेडिओवाल्याने पत्राने कळवलं की हा शंभरेक वर्षांपूर्वीचा माणूस. आता त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला कुणी वाजवत नाही. झालं! चाचांच्या ते काळजालाच लागलं. नाव जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचं 'बडे मियाँ' करून टाकलं आणि ती रचना अथपासून इतिपर्यंत ऐकून ऐकून सरगमीत उतरवली, तीही उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर. डझनांनी व्हायोलिनं होती, त्यांचं काम तीन क्लॅरिओनेटवाल्यांनी करायचं. मी शंका काढली. म्हणाले, "ती पगारी मान्सं हायेत, सर. माझी तिघं घरची हायेत."

त्या हिवाळ्यात लग्नं झाली ती बँडाशिवाय. वाजवून घ्यायचं कुणाच्या मनातच नव्हतं. चाचा आपल्या अकरा जणांना रोज दुपारी मागच्या मोकळ्या जागेत, भिंतींपासून लांब बसवत आणि बडे मियाँ शिकवत. ढोलवाल्याची बहीण भूकंपात गेली होती. त्याला ते एवढंच म्हणाले, "तू वाजवू नको. नुसता येऊन बसत जा." काही दिवसांनी त्यानेच आपणहून ढोल ओढून घेतला.

रचनेच्या मध्यावर एक छोटीशी ओळ होती. ती लागोपाठ सात वेळा यायची. मला ते जरा जास्तच वाटे. चाचा म्हणत, "हितं बडे मियाँ अडून बसतेत. दुःखाचं असंच असतंय, सर. एक डाव सांगून भागत न्हाई." त्या ओळीपाशी ढोलवाला डोळे मिटून घ्यायचा.

पुढे गावात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीतल्या घराघरावर होस्टेलचे मजले चढले आणि गुणवंतांच्या मिरवणुका निघू लागल्या. अशाच एका मिरवणुकीत चाचांनी भर चौकात बडे मियाँ सुरू केले. नाचणारी पोरं जागच्या जागी थिजली, पहिला आलेला मुलगा जीपवर रडवेला झाला आणि क्लासचे सर ओरडले, "मास्तर, पोरगं पास झालंय, वारलं न्हाई!" चाचांनी मुकाट्याने नागीण काढली. पण आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

वर्षं गेली. चाचांचा समोरचा एक दात हलू लागला. मग मीच आमच्या क्लासच्या स्नेहसंमेलनात हट्टाने पाऊण तास मागून घेतला. बडे मियाँ पहिल्यांदा बसलेल्या माणसांपुढे, पुरे वाजणार होते. आदल्या आठवड्यात नांदेडला बहिणीकडे गेलो असताना तिच्या कॉम्प्युटरवर तबकडीवरचं नाव टाकून सहज शोधलं आणि ती रचना चक्क सापडली. ऐकली. ती ओळ एकदाच आली! चाचांच्या तबकडीवर चरा होता. सुई तिथे अडायची आणि सात फेऱ्यांनी पुढे सरकायची.

सांगावं की गप्प बसावं? शेवटी सीडी करून आणली आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांना ऐकवली. त्यांनी तेवढा तुकडा परत लावायला सांगून पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "म्हंजी मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडी आपलंच घालून राहिलो. न्हाई सर, उद्या एकदाच वाजवायचं. त्यांचं त्यांना द्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अकराही जणांना तसं बजावलं. संध्याकाळी सहाशे पोरं बसून होती. कोण पुस्तक उघडून, कोण जांभया देत. मध्यावर ती ओळ आली, एकदा वाजली. चाचांनी मान हलवून पुढे जायची खूण केली. अकरांतला एकही जण पुढे गेला नाही. बोटांना दहा वर्षांची सवय. शिवाय ढोलवाल्याचे डोळे मिटलेले, त्याला खूण दिसणार कशी? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ते वाजवत राहिले. चाचा क्षणभर त्या सगळ्यांकडे बघत उभे राहिले, मग त्यांनीही क्लॅरिओनेट ओठांना लावलं. सातव्यांदा ती ओळ संपली तेव्हा सभागृहात पान उलटल्याचाही आवाज नव्हता.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. बडे मियाँची ती शुद्ध, बिनचूक सीडी माझ्याकडे आहे, मी अधूनमधून लावतो. ती ओळ येते, एकदा वाजते आणि सरळ पुढे निघून जाते. मी मात्र तिथेच थांबून, उरलेल्या सहा वेळा ती मनातल्या मनात म्हणून घेतो.