गोळीच्या मुहूर्ताचा चुडा

पाटोद्याच्या बाजारात गौसियाभाभीकडून बांगड्या भरून घ्यायच्या म्हणजे फुकटात करमणूक. काचेची बांगडी मनगटात उतरते ती अंगठ्याच्या हाडावरून, आणि तिथेच दुखतं. नेमकी तेव्हाच भाभी कुणाच्या तरी सासूची अशी नक्कल करायची, की बाईचं हसणं आवरेपर्यंत बांगडी उतरलेलीही असायची. बांगड्या भरणाऱ्या मनियाराच्या घरची ही जुनी रीत, बोटांनी हात दाबायचा आणि बोलण्यात बाईला गुंतवायचं. भाभी अठ्ठावन्न वर्षांची झाली, पण तिच्या हातून नवरीच्या हातावर एकही बांगडी फुटली नव्हती.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. गंमत म्हणजे कामात असला की हात शांत, आणि मांडीवर नुसता ठेवला की थरथर सुरू. बीडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आत्ताशी सुरुवात आहे म्हणाले, दिवसातून तीनदा गोळी आणि रोजचं चालणं लावून दिलं. सून शाईस्ताने गोळ्यांचे गजर मोबाइलमध्ये लावले. भाभीने तिला एवढंच बजावलं, बाहेर कुणाला कळता कामा नये. थरथरत्या हाताची मनियारीण नवरीला कोण बोलावणार? रिकामा हात ती ओढणीखाली दडवायला लागली.

हात दडला, पण चेहरा कुठे दडवणार? या दुखण्यात चेहराही आखडतो. आत हसू फुटलं तरी तोंडावर काही उमटत नाही. तिचा आवाजही बारीक होत चालला होता, आणि गोळीचा जोर उतरला की कामातही हात जड व्हायचा. बाजाराने मात्र आपला निकाल लावून टाकला, भाभीला माज चढलाय. अशा निकालाचा राग येतो खरा, पण सांगितल्याशिवाय लोकांना तरी कसं कळावं?

सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलं ते सुभद्राबाईंनी. तीस वर्षं त्या, त्यांच्या लेकी, त्यांच्या सुना भाभीकडेच बांगड्या भरत आल्या होत्या. कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, लग्नसराई सुरू झाली आणि त्यांच्या नातीचं, मंगलचं लग्न ठरलं. त्या खुशीत दुकानात आल्या, व्याह्यांवरून एक विनोद केला. भाभीचा चेहरा ढिम्म! सुभद्राबाई तशाच उठून गेल्या. चार दिवसांनी शाईस्ताच्या कानावर आलं, की मंगलचा चुडा भरायला दुसऱ्या मनियाराला बोलवायचं घाटतंय. मंगलच्या आईचा लग्नाचा चुडा भाभीनेच भरला होता. त्या दिवशी भाभी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शाईस्ताच्या स्कूटीवर बसून सुभद्राबाईंच्या वस्तीवर गेली.

"कशापायी आलीस?" सुभद्राबाईंनी ओसरीवरूनच विचारलं. "तुला तर आमी आता नकोत ना?"

भाभी ओसरीवर टेकली आणि तिने ओढणी बाजूला केली. मांडीवरचा हात थरथरत होता.

"त्या दिवशी मी हसले होते, सुभद्राबाई. लई हसले होते. तोंडावर येतच न्हाई आता."

सुभद्राबाईंनी तो हात बघितला, आणि त्यांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "एवढं झालं आन मला सांगितलं न्हाईस? मी काय परकी हाय का गं? तिकडं आमी तुला शिव्या देत बसलो की!" रडून आणि रागावून झाल्यावर त्यांनी शाईस्ताला विचारलं, "हिचा हात कोणत्या टायमाला नीट चालतो?"

"एक वाजताची गोळी घेतली की दोनला मोकळा असतो."

"मंग दोनला चुडा. पंचांग ऱ्हाऊ द्या, मुहूर्त गोळीला इचारायचा!"

लग्नघरात कुठला मुहूर्त वेळेवर लागतो? भाभी दोनला मांडवात हजर झाली, पण मंगलची मावशी उमापूरहून यायची होती आणि तिच्याशिवाय चुडा कसा भरायचा? मावशी आली तेव्हा साडेचार वाजले होते. गोळीचा जोर उतरला होता, हात जड झाला होता. तरीही भाभी बसली. चार हिरव्या बांगड्या कशाबशा उतरल्या, पाचवी हाडावर अडकली. बोटं ऐकेनात. नवरीच्या हातावर बांगडी फुटली तर तो केवढा अपशकुन! शाईस्ताने मदतीला हात पुढे केला, तर भाभीने मानेनेच नको म्हटलं. तिला घाम फुटला होता.

तेवढ्यात सुभद्राबाई सरकत सरकत पुढे आल्या.

"भाभी, तुला सांगितलं का? व्याही बैठकीला आलते ना, जाताना चपला कुणाच्या घालून गेले?"

"कुणाच्या?" भाभीने बारीक आवाजात विचारलं.

"माझ्या! गुलाबी फुलाच्या! आन बीड येस्तोवर एकानं बी सांगितलं न्हाई त्यास्नी!"

मांडवभर हशा पिकला. तीस वर्षं भाभी जे करत आली, तेच आज सुभद्राबाई तिच्यासाठी करत होत्या, आणि भाभी गुंतली, बोटं मोकळी झाली. बांगडी उतरली. मग एकीने नवऱ्याचं काढलं, दुसरीने जावेचं. वेळ लागला, पण दोन्ही हात हिरवेगार भरले आणि एकही बांगडी फुटली नाही.

"सगळा मांडव हसायलाय," उमापूरच्या मावशीने तोंड वाकडं केलं, "पर ही मनियारीण काय हसत न्हाई."

"हसायल्यात की," मंगल म्हणाली. तिचा हात अजून भाभीच्या हातात होता. "मला कळायलंय."