तापीतला एक शिंपला

शिंपलेमास्तर चालताना कधी वर बघत नसत. यावलच्या शाळेत आम्ही दोघे शिकवायला होतो. पण रस्त्यात भेटले तर आधी माझ्या चपला ओळखत, मग मला. रविवारी तापीच्या काठी बसून ते पिठाच्या चाळणीने वाळू चाळत. माणूस सोनं शोधतोय, अशी गावाची समजूत. हाती लागत ते मोहरीएवढे शिंपले.

त्यांतला एक वेगळा होता. तसा दुसरा त्यांना कधी मिळाला नाही. पुण्याच्या एका जाणकारांनी कळवलं होतं की चांगला फोटो पाठवा, नव्या जातीचा असेल तर सांगतो. शिंपलाच का पाठवत नाही, असं मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "पोष्टात हरवला तर मी कुणापुढे रडू?" देश नुकता स्वतंत्र झाला होता. जगाच्या यादीत आपल्या तापीचंही एक नाव जावं, एवढीच या माणसाची हाव.

फोटोसाठी सूक्ष्मदर्शक हवा. मुंबईच्या दुकानाचा कॅटलॉग शिक्षकांच्या खोलीत महिनाभर फिरला. आम्ही सगळे केळीवाल्यांच्या घरचे. घड निवडायचा तर सर्वांत जड, ही आमची अक्कल. तेव्हा वस्तू सर्वांत मोठी दाखवेल तोच घ्या, असं एकमुखाने ठरलं. होतं नव्हतं ते घालून मास्तरांनी तो आणला.

त्यात उजेड खालून, आरशावरून येई. शिंपल्यातून तो आरपार जाणार कसा? जळगावच्या फोटोग्राफरने नळीला कॅमेरा टेकवून फोटो काढला, धुऊन आणला आणि पुढ्यात ठेवला. "बठ्ठं काळंच उनं, मास्तर." अमावास्येचा फोटो म्हणून भिंतीला लावू, असं मास्तर म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मग मीच जळगावच्या कॉलेजात जाऊन विचारलं. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं, एवढा मोठा दाखवणारा नकोच. कमी मोठं दाखवणारा, दोन्ही डोळ्यांनी बघायचा हवा. त्यात उजेड वरून पडतो आणि अख्खा शिंपला दिसतो. आमच्याकडे आहे, शिंपला घेऊन या, फोटोही काढून देऊ. मी दुपारच्या एसटीने परतलो आणि मास्तरांच्या ओट्यावर चढता चढताच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, वस्तू पातळ हवी. म्हणून सकाळी त्यांनी शिंपला मेणाने बोटाला चिकटवला आणि देवाच्या सहाणेवर चंदनासारखा उगाळला. पातळ होता होता तो उरलाच नाही.

सहाणेवर पूड तरी असेल, तीच घेऊन जाऊ, असं मी वेड्यासारखं म्हणालो. त्यांची थोरली बहीण अक्का दारात उभी होती.

"भाऊ, सहाण तं मी पूजेआधीच धुई टाकी," ती घाबरून म्हणाली.

"बरं केलं, अक्का," मास्तर म्हणाले. "देवाला गंध लागलं ना?"

पुढे त्यांची धुळ्याला बदली झाली. जाताना सूक्ष्मदर्शक शाळेला देऊन गेले. मुलं त्यात कांद्याचा पापुद्रा बघत, आणि तो फार सुरेख दिसे. मला काही तिथे डोळा लावणं जमलं नाही.